एका पॅनवर दोन पगार

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका एमआरआय तंत्रज्ञाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत आणि बचत खात्याचं व्याज हिशेबात धरलेलं नाही. त्यांना मी दादा म्हणते, इथेही तसंच म्हणेन. मी भांडुपला आयकर रिटर्न भरून देण्याचं काम करते. दादा आणि वहिनी आमच्या पुढच्याच गल्लीत राहतात.

दादा परळच्या एका मोठ्या रुग्णालयात बरीच वर्षं नोकरीला आहेत. सकाळी 8 ते दुपारी 4 ड्युटी, महिना 72,000. एप्रिल 2024 मध्ये त्यांनी घाटकोपरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरवर संध्याकाळचं काम धरलं. परळहून लोकलने घाटकोपरला उतरायचं, 6 ते 10 मशीनवर बसायचं आणि मग भांडुपचं घर गाठायचं. तिथे महिना 28,000. मुलगी कॉलेजात, घराचा हप्ता चालू, त्यामुळे हा दुसरा पगार घरात आल्या आल्या जागेवर लागत होता.

घाटकोपरच्या पगारातून व्यवसाय कराचे 200 रुपये सोडले तर काहीच कापलं जात नव्हतं. सेंटर लहान, वीसपेक्षा कमी माणसं, म्हणून पीएफही नाही. दादांना वाटलं, पगार करपात्र मर्यादेच्या आतला आहे म्हणून कापत नाहीत. सेंटरच्या अकाउंटंटनेही तेच सांगितलं होतं. त्या एकट्या पगाराकडे बघितलं तर तो माणूस खोटं बोलत नव्हता.

अडचण

जुलै 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात दादा रुग्णालयाचा फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या कराचा (टीडीएसचा) दाखला, घेऊन आले. "ताई, नेहमीसारखंच आहे, टीडीएस कापलेला आहे, फक्त भरून द्या." मी एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे असलेलं दादांच्या उत्पन्नाचं वार्षिक पत्रक, उघडलं तर तिथे पगार देणारे दोन दिसले. विचारल्यावर दादांनी घाटकोपरच्या स्लिपा मोबाइलवर दाखवल्या.

2024-25 चा, नव्या करप्रणालीतला हिशेब असा होता. रुग्णालयाने 8,64,000 च्या पगारातून 75,000 स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट) वजा केलं, 7,89,000 वर सेससकट (करावरच्या उपकरासकट) 30,056 कर काढला आणि तो वर्षभरात कापला. सेंटरने 3,36,000 मधून तेच 75,000 पुन्हा वजा केले. उरले 2,61,000, म्हणजे त्या वर्षीच्या 3 लाखांच्या पहिल्या टप्प्याच्याही आत. कापायचं काहीच नाही.

दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर होतं. पण माणूस एक, पॅन एक. पहिल्या 3 लाखांवर शून्य कर आणि 75,000 ची वजावट हे एका माणसाला वर्षातून एकदाच मिळतं, इथे दोन्ही मालकांनी ते वेगवेगळं देऊन टाकलं होतं. दोन्ही पगार एकत्र केले की 12,00,000, वजावट एकदाच, म्हणजे करपात्र 11,25,000. त्यावर कर 68,750 आणि 4 टक्के सेस 2,750, मिळून 71,500. कापले गेले होते 30,056. बाकी 41,444.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या नोकरीवर जास्त दराने टॅक्स लावतात का?"

हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून इथे थोडं थांबते. दुसऱ्या नोकरीसाठी वेगळा दर नसतो. पहिल्या पगाराने खालचे टप्पे आधीच भरून टाकलेले असतात आणि दुसरा पगार त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. दादांचा पहिला पगार 7,89,000 वर संपत होता. तिथून 10 लाखांपर्यंतच्या 2,11,000 वर 10 टक्के म्हणजे 21,100 आणि त्यापुढच्या 1,25,000 वर 15 टक्के म्हणजे 18,750 कर लागला. सेस धरून हे बरोबर 41,444 होतात. घाटकोपरचे 28,000 खरं तर दरमहा साधारण 24,500 च होते. उरलेले सरकारचे होते, पण ते दर महिन्याला दादांच्या खात्यात येत होते आणि खर्चही होत होते.

त्यात व्याजाची भर. कापलेला टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10,000 किंवा जास्त राहत असेल, तर तो चार हप्त्यांत अॅडव्हान्स टॅक्स म्हणून भरायचा असतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45, 15 डिसेंबरपर्यंत एकूण 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. दादांना हे माहीतच नव्हतं, कारण आयुष्यभर त्यांचा कर मालकाने कापला होता. हप्ते चुकल्याबद्दल कलम 234सी चं व्याज 2,088. शिवाय वर्ष संपल्यावरही कर बाकी राहिल्याबद्दल कलम 234बी प्रमाणे एप्रिलपासून दर महिन्याला 414.

पर्याय

पहिला पर्याय दादांच्या एका सहकाऱ्याने सुचवला होता: घाटकोपरचा पगार दाखवायचाच नाही, तिथे टीडीएस कुठे कापलाय? मी याला सरळ नाही म्हटलं. ते उत्पन्न एआयएसमध्ये आलेलं होतं. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या 50 टक्के दंड आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवलं तर 200 टक्के, असं कलम 270ए सांगतं. पण एआयएसमध्ये ते दिसलं नसतं तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. रिटर्नच्या शेवटी दादा आपल्या नावाने सत्यापन करतात, आणि असल्या रिटर्नला मी हात लावत नाही.

दुसरा पर्याय सेंटरच्या मालकाचा, आणि तो ऐकायला गोड होता. पगार म्हणण्याऐवजी 'प्रोफेशनल फी' म्हणू, 10 टक्के टीडीएस कापू, तुम्ही निम्मं उत्पन्न खर्च म्हणून दाखवा. कलम 44एडीए मध्ये ठरावीक व्यवसायांना जमा रकमेतला निम्मा भाग नफा धरण्याची मुभा आहे हे खरं. पण ती स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्यासाठी. दादांना ठरलेली वेळ, ठरलेला पगार, सेंटरचं मशीन, सुट्टी हवी तर मालकाला विचारायचं. ही नोकरीच आहे, आणि कागदावरचं नाव बदलल्याने ती बदलत नाही. शिवाय 2024-25 च्या पगाराच्या स्लिपा निघून गेल्या होत्या. मागे जाऊन त्या फी करणं म्हणजे बनावट कागद करणं. पुढच्या वर्षी काम खरोखर तसं बदललं तर पाहू, असं मी म्हटलं. काम बदललं नाही, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

तिसरा पर्याय जुन्या करप्रणालीचा. हा तपासणं माझं कामच होतं. पीएफ, विमा आणि कर्जाचं मुद्दल मिळून कलम 80सी च्या वजावटीचे 1,50,000, घरकर्जाचं व्याज 1,10,000, मेडिक्लेम 18,000, स्टँडर्ड डिडक्शन 50,000 आणि व्यवसाय कर 2,500. हे सगळं वजा करून 8,69,500 उरत होते आणि त्यावर कर 89,856. नव्यापेक्षा 18,356 जास्त. दादांचा यावर विश्वास बसेना. इतके हप्ते भरतोय, त्याचा काहीच उपयोग नाही? मी दोन्ही हिशेब कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवले, तेव्हा पटलं.

उरला एकच मार्ग, कर भरणं. पण कधी, यावर खरी चर्चा झाली. त्या वर्षी रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबर केली होती. गणपती 27 ऑगस्टला. वहिनी म्हणाल्या, "आत्ताच कॉलेजची फी भरलीय. गणपती होऊन जाऊ दे, तारीख आहे ना." त्यांचं म्हणणं माणूस म्हणून अगदी बरोबर होतं. पण मुदत रिटर्नची वाढली होती, 234बी चं व्याज त्यासाठी थांबत नाही. महिना नुसता सुरू झाला तरी तो पूर्ण धरतात. सप्टेंबरपर्यंत थांबलं असतं तर आणखी 828 रुपये गेले असते. रक्कम मोठी नाही, पण नवा टीव्ही किंवा प्रवास पुढे ढकलण्यासारखं हे नव्हतं. हे पैसे द्यायचेच होते.

काय केलं

वहिनींची भिशी त्याच महिन्यात लागली. त्यातून 29 जुलैला कर 41,444, हप्त्यांचं व्याज 2,088 आणि एप्रिल ते जुलैचं व्याज 1,656, गोल करून 45,190 रुपये सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून भरले. चलन रिटर्नमध्ये दाखवून दुसऱ्या दिवशी आयटीआर-1 हा रिटर्नचा साधा फॉर्म भरला. दोन मालक असले तरी उत्पन्न पगाराचंच असेल आणि इतर अटी बसत असतील तर आयटीआर-1 चालतो. इथे रिटर्नचा विषय संपला.

खरा प्रश्न पुढच्या वर्षाचा होता, आणि मला वाटतं हे प्रकरण लिहिण्यासारखं आहे ते त्यासाठी.

2025-26 साठी दादांचा रुग्णालयातला पगार 80,000 झाला होता. त्या वर्षीपासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. ही बातमी ऐकून दादा खुश होते. आणि दोन नोकऱ्या करणाऱ्यासाठी खड्डा नेमका इथेच जास्त खोल झाला होता. रुग्णालयाच्या हिशेबाने करपात्र 8,85,000, म्हणून टीडीएस शून्य. सेंटरच्या हिशेबानेही शून्य. दोन्ही मिळून मात्र 12,96,000, वजावट जाऊन 12,21,000, म्हणजे मर्यादेच्या 21,000 वर. एवढ्याशा फरकावर एकदम 63,150 कर बसू नये म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे: 12 लाखांच्या वर जेवढे रुपये, तेवढाच कर. म्हणून 21,000 आणि सेस 840, एकूण 21,840. हे भरायचे होते आणि कुणीच कापणार नव्हतं.

यासाठी तेव्हाच्या कायद्यात कलम 192(2) होतं. एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्याला एका मालकाकडे दुसरीकडच्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती फॉर्म 12बी मध्ये देता येत होती. मग त्या मालकाने दोन्ही पगार धरून कर कापायलाच हवा. कोणत्या मालकाला सांगायचं ते नोकराने ठरवायचं, आणि बहुतेकांना हेच माहीत नसतं. सगळे धरून चालतात की मोठ्या नोकरीतच सांगावं लागेल, आणि तिथे घाबरतात.

दादाही घाबरले होते. रुग्णालयाच्या नेमणूकपत्रात लेखी परवानगीशिवाय बाहेर पगारी काम करू नये असं कलम होतं. विभागप्रमुखांना घाटकोपरचं माहीत होतं, एचआरला नव्हतं. "26एएस बघून त्यांना कळेल का?" असं दादांनी दोनदा विचारलं. नाही कळत. 26एएस (कापलेल्या कराचा उतारा) आणि एआयएस फक्त आपल्या लॉगिनवर दिसतं. पीएफ दोन्हीकडे असता तर एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायमच्या नंबरखाली) दोन्ही मालकांचे भरणे आले असते, पण इथे सेंटरला पीएफच नव्हता. कर भरणं आणि नेमणूकपत्रातली अट पाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मी करून देऊ शकत होते. दुसऱ्यासाठी मी त्यांना लेखी परवानगीचा अर्ज द्यायला सांगितलं. काढून टाकण्याचं निमित्त कुणाच्या हातात राहू नये असं मला मनापासून वाटत होतं.

फॉर्म 12बी सेंटरला द्यायचं ठरलं. सेंटरला परळची नोकरी पहिल्या दिवसापासून माहीत होती. रुग्णालयाचा टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) फॉर्म 16 वर होता, पगारवाढीचं पत्र होतं, एप्रिल ते जुलैच्या स्लिपा होत्या. अकाउंटंट आधी तयार होईना: "आमचा पगार टॅक्सच्या खालचा आहे, आम्ही कशाला कापू?" दादांनी कलम लिहिलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि मालकांशी शांतपणे बोलले. ऑगस्टपासून मार्चपर्यंत आठ महिने दरमहा 2,730 कापायचं ठरलं.

इथे एक बारीक गोष्ट दादांच्या फायद्याची होती. 15 जूनचा पहिला हप्ता केव्हाच उलटून गेला होता. स्वतः अॅडव्हान्स टॅक्स भरला असता तर त्या हप्त्याचं व्याज लागलं असतं. पण अॅडव्हान्स टॅक्सचा हिशेब टीडीएस वजा करून होतो, मग तो टीडीएस वर्षाच्या कोणत्याही महिन्यात कापलेला असो. ऑगस्टपासून कापूनही व्याज शून्य राहिलं.

रविवारची ड्युटी

ऑगस्टच्या शेवटी सेंटरने रविवारीही या म्हटलं, महिना 4,000 जास्त. अंदाजासाठी पूर्ण वर्षाचे 48,000 धरले. दादा मला सांगायला आले ते होकार द्यायच्या बेतानेच.

मी हिशेब करून दाखवला. 12,21,000 मध्ये 48,000 मिळवले की 12,69,000. मार्जिनल रिलीफच्या पट्ट्यात 12 लाखांवरचा प्रत्येक रुपया कर म्हणून जातो, वर सेस. कर 69,000, सेस 2,760, एकूण 71,760. आधीच्या 21,840 पेक्षा 49,920 जास्त. वर्षभराचे रविवार देऊन 48,000 मिळवायचे आणि 49,920 भरायचे. पदरचे 1,920 घालून काम.

हा पट्टा साधारण 12,70,600 च्या आसपास संपतो. त्यापुढे पुन्हा नेहमीसारखे 15 टक्के. म्हणून रविवारचे महिन्याला 10,000 मिळाले असते, तर 1,20,000 मधले सुमारे 62,500 करात जाऊन 57,000 च्या वर हातात राहिले असते. दादांनी तेवढे मागितले. सेंटरला ते परवडणारं नव्हतं. रविवार घरी राहिला. वहिनींना त्याचा आनंद लपवता आला नाही.

निकाल आणि माझ्याकडून राहिलेलं

दिवाळीत सेंटरने 10,000 बोनस दिला. मी बोनस धरलाच नव्हता. रुग्णालय दर वर्षी देत नाही, सेंटरचा पहिल्या वर्षी नव्हता, आणि मी विचारलंच नाही. एरवी 10,000 वर 1,000 ते 1,500 कर लागला असता. या पट्ट्यात मात्र त्यावरचा कर 10,400 होता. दादांनी त्यातून वहिनींना साडी आणि मुलीला कपडे घेऊन झाले होते. दिवाळीनंतर मला हे त्यांना सांगावं लागलं आणि ते सांगताना मला फार वाईट वाटलं. नोव्हेंबर ते मार्च दरमहा 2,080 वाढवून घेतले, म्हणजे सेंटर 4,810 कापू लागलं. मार्चअखेर एकूण 32,240 कापले गेले. 12,31,000 वर तेवढाच कर होतो. बाकी काही नाही, व्याज नाही.

हे टाळता आलं असतं का? हो. नव्या प्रणालीतही मालकाने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेली रक्कम मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत वजा होते. रुग्णालयाने दादांच्या पगारातले 31,000 वर्षभरात त्या मार्गाने वळवले असते, तर करपात्र उत्पन्न 12 लाखांवर येऊन पूर्ण 32,240 वाचले असते आणि ते 31,000 निवृत्तीसाठी साठले असते. रुग्णालयात ही योजना आहे. पण निवड फक्त एप्रिलमध्ये करता येते, आणि आम्ही विचारलं सप्टेंबरमध्ये. 2024 च्या एप्रिलमध्ये दुसरी नोकरी धरतानाच हे सगळं एका पानावर मांडलं असतं, तर पहिल्या वर्षीचं 3,744 व्याजही गेलं नसतं आणि कर दरमहा 3,454 असा सुटसुटीत कापला गेला असता.

व्यवसाय कराचं अजून बाकी आहे. दोन्ही ठिकाणी मिळून दादांचे वर्षाला 5,000 कापले जातात. राज्यघटनेच्या कलम 276 प्रमाणे एका व्यक्तीकडून राज्याला वर्षाला 2,500 पेक्षा जास्त घेता येत नाही. महाराष्ट्रात दोन मालक असलेला माणूस स्वतः नोंदणी करून हा कर भरू शकतो आणि तसं प्रमाणपत्र मालकांना देऊन कपात थांबवू शकतो. दादांची ती नोंदणी या महिन्यात करायची आहे.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले. दोन पगार एकत्र धरण्याची गोष्ट तीच आहे. या वेळी दादांनी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात रुग्णालयात एनपीएसचा पर्याय भरला, महिना 3,000, आणि सेंटरला दोन्ही पगारांचा तपशील दिला. दिवाळीच्या बोनसचे 10,000 त्यात धरले आहेत. लेखी परवानगीचा अर्ज एचआरकडे अजून पडून आहे. दादा दर महिन्याच्या सुरुवातीला जाऊन विचारून येतात.